तळ्याच्या वरची वाट

इटलीतल्या कोमोच्या तळ्याची मराठी घराघरांत ओळख झाली ती 2018 च्या नोव्हेंबरात. दीपिका-रणवीरचं लग्न तिथल्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये लागलं, त्यातला एक सोहळा कोकणी पद्धतीनं, आणि आठवडाभर आपल्या फोनवर त्या पायऱ्या, ती कमान आणि मागचं निळं पाणी एवढंच फिरत राहिलं. त्याआधी जॉर्ज क्लूनीचं घर तिथं आहे, इतपत माहिती. मला लग्नाबद्दलही काही म्हणायचं नाही आणि क्लूनीबद्दल तर नाहीच. पण हे तळं जे लोक बोटीतून बघून येतात, त्यांनी निम्मं बघितलं असं माझं स्पष्ट मत आहे. बोटीतून व्हिला दिसतात, बागा दिसतात, आइस्क्रीमची दुकानं दिसतात. इथली माणसं शेकडो वर्षं कशी जगली, हे कळायला काठ सोडून वर चढावं लागतं.

पूर्वेच्या काठानं डोंगराच्या अंगावरून एक जुनी वाट जाते. सेंतिएरो देल व्हियांदांते, वाटसरूंची वाट. दक्षिणेला लेक्कोजवळच्या आबादिया लारियानापासून उत्तरेला कोलिकोपर्यंत साधारण 45 किलोमीटर. वाट फुटते तिथं पाट्या आहेत, त्यामुळे सह्याद्रीत वाट शोधण्यात जो निम्मा दिवस जातो तो इथं वाचतो. शिवाय खालून रेल्वे समांतर धावते. जवळजवळ प्रत्येक गावाला स्टेशन आहे, त्यामुळे दमलात की उतरायचं, गाडी पकडायची. मिलानहून वाटेवरचं वारेन्ना गाव तासाभराच्या अंतरावर. मिलानला नोकरी करणारी माझी भाची सोबत होती. ‘तळ्याकाठी फिरायला जाऊ’ एवढंच मी तिला सांगितलं होतं. वारेन्नाच्या मागची पहिली चढण संपायच्या आत ती थांबली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तळं खाली राहिलं. आपण कुठं चाललोय?’’

प्रश्न रास्त होता. आपल्याला तळं म्हटलं की धरणाचा जलाशय आठवतो, काठाला थोडा गाळ, थोडी सपाटी, म्हशी. कोमोला काठ असा नाहीच. पाणी संपलं की डोंगर, तोही उभा. पाण्याखालीही तो तसाच उतरत जातो. तळ्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आणि खोली चारशे मीटरहून जास्त, म्हणजे तळ समुद्राच्या पातळीच्याही दोनशे मीटर खाली. ही करामत हिमनदीची. आल्प्समधून उतरणाऱ्या बर्फानं आधीपासून असलेली नदीची दरी खरवडली, खोल केली. बेलाजिओच्या डोंगराशी येऊन त्या बर्फाला दोन फाटे फुटले, म्हणून तळं उलट्या वाय अक्षरासारखं. बर्फ वितळलं, पाणी उरलं. वाटेत मधूनच चुनखडीच्या उतारावर ग्रॅनाइटचा एखादा अवाढव्य धोंडा दिसतो, त्या दगडाचा इथल्या डोंगराशी काही संबंध नसतो. बर्फानं उत्तरेकडून वाहून आणलेला आणि जाताना तिथंच टाकलेला.

मग गावं वसली कुठं? डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा तळ्यात पडताना गाळ पसरतो आणि पंख्याच्या आकाराची थोडी सपाटी तयार होते. तेवढ्याशा जागेवर गाव. वारेन्नाजवळ एसिनो उतरतो, बेल्लानोला पियोवेर्ना, देर्विओला वारोने. दोन ओढ्यांच्या मधे नुसता कडा. म्हणून या गावातून त्या गावात जायचं तर आधी चढायचं, कड्याच्या डोक्यावरून आडवं जायचं, मग पुन्हा उतरायचं. गुडघ्यांनी तक्रार केली तर ती हिमनदीकडे करावी.

काठानं गाडीरस्ता झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, हा मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना, आणि तोही सैन्याच्या सोयीसाठी, खडक फोडून. रेल्वे आली 1890 च्या दशकात. त्याआधी एक तर होडी, नाहीतर ही वाट. होडीचं सगळं वाऱ्यावर. सकाळी उत्तरेकडून येतो तो तिवानो, दुपारी दक्षिणेकडून चढतो तो ब्रेवा, आणि होडीवाल्यांचा दिवस या दोघांच्या वेळापत्रकावर बेतलेला. वारा बिघडला की मीठ, धान्य, चीज सगळं खेचराच्या पाठीवर. वाटेची फरसबंदी निरखून पाहिली की हे कळतं. पायऱ्या रुंद आहेत आणि उंची चार बोटं, म्हणजे खुराला सोप्या आणि माणसाला अडचणीच्या; एका पायरीवर दीड पाऊल पडतं, आणि लय काही केल्या सापडत नाही. दगड आडवे न टाकता उभे ठोकलेत, पावसात खूर घसरू नये म्हणून. मधूनमधून तिरपा दगडी पाट, पाणी बाजूला काढायला. दोन्ही बाजूंना बिनचुन्याचे गडगे आणि त्यांच्या आधारानं ताली, तालींवर ऑलिव्ह. इतक्या उत्तरेला ऑलिव्ह तगतात ते तळ्यामुळे, एवढं पाणी हिवाळ्यातही हवा फार गारठू देत नाही. असे गडगे रचण्याची कला 2018 साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांच्या नावानं. कोकणातल्या गडग्यांना कोणी विचारलेलं नाही, हे जाता जाता.

वारेन्नाच्या दक्षिणेला फ्यूमेलात्ते नावाची वस्ती आहे, तिथं मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले. फ्यूमेलात्ते म्हणजे दुधाची नदी. डोंगरातल्या गुहेतून ती एकदम बाहेर पडते, पांढरीशुभ्र फेसाळत उतरते आणि अडीचशे मीटरवर तळ्यात संपते. इटलीतल्या सर्वांत छोट्या नद्यांमध्ये तिची गणना होते. खरी गंमत पुढे आहे. ही नदी वर्षभर नसते. साधारण मार्चअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरात थांबते. मेरीच्या दोन सणांच्या मधे, 25 मार्च ते 7 ऑक्टोबर, ती वाहते असं लोक मानतात, म्हणून तिला दोन मदोन्नांची नदी असंही म्हणतात. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणवह्यांत तिची नोंद करून ठेवली आहे. कारण भूगर्भात आहे: मागचा ग्रिन्या डोंगर चुनखडीचा, आतून पोखरलेला, वरचं बर्फ वितळून आतल्या पोकळ्या भरल्या की जास्तीचं पाणी या तोंडातून उसळतं, पातळी उतरली की तोंड कोरडं. गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की भर मे महिन्यात दात वाजतात. भाचीनं बाटली भरायला हात पुढे केला आणि तितक्याच झटक्यानं मागे घेतला.

वारेन्ना स्वतः सुरेख आहे आणि त्याचीच शिक्षा भोगतं आहे. दुपारी धक्क्यावर उभं राहायला जागा नसते. गाव 1169 पासून पाहुण्यांना सरावलंय म्हणा. त्या साली कोमो शहरानं तळ्यातलं कोमाचिना बेट उद्ध्वस्त केलं आणि तिथले लोक पळून इथं आले. काठावरचा व्हिला मोनास्तेरो आधी जोगिणींचा मठ होता. आता तिथं इटालियन भौतिकशास्त्र परिषदेची उन्हाळी शाळा भरते. 1954 मध्ये एन्रिको फर्मी तिथं शिकवायला आला होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो वारला. शाळेला त्याचं नाव आहे. बागेत सेल्फी काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, आणि सांगावं असंही नाही.

मला विचाराल तर देर्विओच्या पुढचं कोरेन्नो प्लिनिओ बघा. हे गाव गाळावर वसलेलं नाही, थेट खडकावर चढलेलं आहे. वर चौदाव्या शतकातला किल्ला, त्याला लागून कँटरबरीच्या संत थॉमसचं चर्च, आणि तिथून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या गल्ल्या, ज्यांच्या पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत. पायरी कुठं संपते आणि घराची भिंत कुठं सुरू होते, कळत नाही. बऱ्याच खिडक्या बंद होत्या. दारांवर चाव्यांच्या छोट्या आकडेवाल्या पेट्या, म्हणजे घर भाड्यानं. एका गल्लीत मात्र दोरीवर खरेखुरे कपडे वाळत होते आणि आतून रेडिओ ऐकू येत होता. एवढ्यानंही बरं वाटलं.

किल्ले बांधावे लागले ते उगाच नाही. हा काठ म्हणजे आल्प्सच्या खिंडींतून मिलानकडे उतरणाऱ्या प्रत्येक फौजेचा मार्ग. 1629 मध्ये मंटुआला वेढा घालायला निघालेलं बादशाही जर्मन सैन्य कोलिकोपासून याच बाजूनं आलं, गावं लुटत, आणि त्याच्या मागोमाग प्लेग. अलेस्सांद्रो मान्झोनीच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीत ते सगळं आहे. ती इटलीतल्या शाळांत सक्तीनं वाचतात आणि म्हणून बरेच जण तिच्यावर चिडून असतात. प्लेगाचं ते 1630 साल म्हणजे आपल्याकडे दख्खनचा तो भयंकर दुष्काळ. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन प्रसंग एकमेकांना कधी भेटत नाहीत. वाटेवर दर वळणाला एक घुमटी आहे, आत मेरीचं किंवा एखाद्या संताचं रंग उडत चाललेलं चित्र. प्लेगपासून वाचवणारा संत रोको आपल्या मांडीवरचा फोड दाखवत उभा असतो. घुमटीपुढे बसायला दगडी ओटा. ओझेवाल्यानं टेकायचं कुठं, याचा विचार कोणीतरी केला होता.

जेवणाचं सांगायलाच हवं. तळ्यात आगोने नावाचा मासा मिळतो. त्याला मीठ चोळून दोरीवर उन्हात वाळवतात, मग डब्यात माशांचा थर, लॉरेलच्या पानांचा थर असं रचून वरून दाबून ठेवतात, तेल सुटेपर्यंत. हा मिस्सोल्तीनो. खायच्या वेळी निखाऱ्यावर भाजायचा, वर व्हिनेगर, सोबत मक्याच्या रव्याची घट्ट पोलेंता. ताट समोर आलं आणि वास थेट वसईच्या मासळीबाजाराचा. भाची हसत सुटली. ‘‘आईला सांगू नकोस हं, सुका बांगडा खायला आपण कोमोला आलो म्हणून!’’ शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं पास्ता मागवला होता आणि आमच्याकडे जरा संशयानं पाहिलं. आम्ही काटे उपसत बसलो.

जायचं असेल तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टात चढणीवर ऊन तापतं आणि खाली गर्दी. सगळी वाट चालायचा हट्ट नको. वारेन्ना ते बेल्लानो एक दिवस, देर्विओ ते कोलिको दुसरा दिवस, एवढ्यात बरंच पदरात पडतं. बूट घोट्यापर्यंतचे घ्या, पाऊस पडून गेल्यावर ती उभी फरसबंदी माणसाच्या बुटांना अजिबात दाद देत नाही. गाड्या रविवारी खच्चून भरतात. आणि तळ्याच्या फाट्यावरचं बेलाजिओ बघायचंच असेल, तर सकाळच्या पहिल्या बोटीनं जा आणि दहाच्या आत परत निघा.