शिकायला गेलास की फिरायला?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने डोंगरातला फोटो पाठवला की घरून जाणारा पहिला प्रश्न हाच. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर तर रोज ऐकते. "चाळीस लाखांचं कर्ज काढून पाठवलं आणि चिरंजीव दऱ्याखोऱ्यांत हिंडतायत!" माझं मत वेगळं आहे. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजते.

माझा नातू ॲरिझोनात एम.एस. करतोय. ग्रँड कॅन्यन तिथून गाडीने काही तासांवर. कोलोरॅडो नदीने कापलेली ही दरी १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाली. तिच्या तळाचे खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्या मानाने तान्हं बाळच! त्या तळच्या खडकाला नाव आहे 'विष्णू शिस्ट'. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुळक्यांना विष्णू मंदिर, शिव मंदिर अशी नावं दिली होती. त्याच दरीत हवासुपाई लोक शेती करत. उद्यानासाठी त्यांना हुसकावलं, शेवटच्या रहिवाशाला १९२८ साली. त्यांच्या मळ्याच्या जागेला त्यांचं नाव मिळालं ते थेट २०२२ मध्ये. खडक, नदी आणि माणसांवरचा अन्याय, सगळं एका पायवाटेवर. हे शिक्षण नव्हे तर काय?

तेव्हा फिरावं. जरूर फिरावं. माझी काळजी दुसरीच आहे.

आपली मुलं राजगड, हरिश्चंद्रगड करून गेलेली असतात. पायांत दम असतो, आणि तोच तिथे दगा देतो. गडावर आपण ताज्या दमाने चढतो आणि दमलो की उतरतो. ग्रँड कॅन्यनमध्ये सगळं उलटं. सकाळच्या गारव्यात उतार लागतो, पाय आपोआप पळतात, आणि चढ येतो तो भर उन्हात, दमल्यावर. ब्राइट एंजल वाटेने नदीपर्यंतचा उतार जवळपास १३५० मीटर आहे. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर, यावरून अंदाज करा. उन्हाळ्यात तळाशी सावलीतसुद्धा पारा ४३ अंशांच्या वर जातो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं उद्यानाचे रेंजर परोपरीने सांगतात. साउथ कैबाब वाटेवर तर पाण्याचा थेंब नाही. आणि नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामावाटे गेलेलं मीठ भरून काढावं लागतं. आपल्या आजीचं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि शेंगदाणे तिथेही चालतात.

हे सगळं मुलांना कळू शकतं, उद्यानाच्या फलकांवर लिहिलेलंच असतं. पण एक गोष्ट फलकावर वाचून भागत नाही. आपण कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परतणार हे मागे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. दरीत मोबाईलला रेंज नसते. कुणी वेळेवर परतलं नाही तर शोध घ्यायला कुणीतरी सांगावं लागतं ना? आणि आपल्या घरातून "शिकायला गेलास की फिरायला" ऐकून ऐकून मुलं काय करतात? सांगतच नाहीत. "लायब्ररीत आहे" म्हणतात आणि निघतात. मे २०२४ मध्ये ॲरिझोनातल्या फॉसिल क्रीकच्या धबधब्याशी दोन भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांच्या घरी काय ठाऊक होतं, काय नव्हतं, यावर मी बोलणार नाही. पण ती बातमी वाचल्यापासून मला हे प्रकर्षाने वाटतं, की रागावून मुलं थांबत नाहीत, फक्त गप्प होतात.

म्हणून आमच्याकडे रागावणं नाही, चौकशी आहे. नातू निघण्याआधी मेसेज टाकतो: "साउथ कैबाब, सीडार रिजपर्यंत, चौघं, दुपारी बाराला वर." तिथले दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. मी जागी राहते. म्हातारपणी झोप नाहीतरी येतेच कुठे! तोच मेसेज त्याच्या तिथल्या एका मित्रालाही जातो, कारण प्रसंग आलाच तर फोन तो करणार, मी नव्हे.

पैशाचंही विचारावं. विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी तंबू, झोपायच्या पिशव्या स्वस्तात भाड्याने मिळतात. कॅन्यनच्या कडेने उद्यानाची बस फुकट फिरते. मात्र १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन धरून अकरा उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. तिथे राहून शिकणाऱ्या मुलांनी कोणतं ओळखपत्र चालतं ते आधी बघून, ते खिशात घालूनच निघावं. दारात हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आता तो झायनला जायचं म्हणतोय. एंजल्स लँडिंगला २०२२ पासून परवाना लागतो, तो सोडतीत लागला नाही. मग नॅरोज, म्हणजे उंच कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून नदीच्या पाण्यातूनच चालत जायचं. तिथे डोक्यावर लख्ख ऊन असताना वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस झाला, की लोंढा येतो. मी विचारलंय, हवामानाचा अंदाज नेमका कुठला बघणार? अजून उत्तर आलेलं नाही. परीक्षा चालू आहे म्हणे.