इंग्रजी नामवाक्याला मराठीचा आधार

इंग्रजीत 'दॅट' या शब्दाने सुरू होणारे आणि मुख्य वाक्यात नामाचे काम करणारे जे गौण वाक्य असते, त्याला मराठी व्याकरणात नामवाक्य म्हणतात. शाळेत हा विषय बहुधा 'दॅट म्हणजे की' एवढ्या एका ओळीत उरकला जातो. ही ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे. मराठी माध्यमात किंवा सेमी-इंग्रजी वर्गात शिकणारी मुले 'दॅट' सहसा विसरत नाहीत. ती अडखळतात ती 'दॅट'च्या आधी येणाऱ्या शब्दांपाशी, म्हणजे कोणत्या सर्वनामाने आरंभ करावा, त्याला कोणते क्रियापद जोडावे आणि कोणते विशेषण चालेल, या निवडीपाशी. या निवडीचे नियम मुलांच्या हाती द्यायचे असतील, तर इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्यरचना फळ्यावर आणण्यावाचून पर्याय नाही.

इंग्रजीत ही जुळणी मुख्यतः दोन प्रकारांनी होते. पहिल्या प्रकारात कर्ता व्यक्ती असते आणि विशेषण त्या व्यक्तीच्या मनाची अवस्था सांगते: 'आय अ‍ॅम शुअर दॅट', 'शी इज अफ्रेड दॅट', 'वी आर ग्लॅड दॅट', 'दे आर अवेअर दॅट'. दुसऱ्या प्रकारात कर्त्याच्या जागी 'इट' हे सर्वनाम येते. ते कोणत्याही वस्तूकडे निर्देश करत नाही, तर पुढे येणाऱ्या नामवाक्याची जागा राखून ठेवते, आणि विशेषण व्यक्तीविषयी न बोलता त्या नामवाक्यातील विधानाविषयी निर्णय देते: 'इट इज क्लिअर दॅट', 'इट इज ट्रू दॅट', 'इट इज पॉसिबल दॅट'. म्हणून 'शी इज ऑब्व्हिअस दॅट' असे म्हणता येत नाही. एखादे विधान उघड असू शकते, पण ते उघड असणे ही कोणाच्या मनाची अवस्था नव्हे.

'सर्टन' हे विशेषण दोन्ही प्रकारांत बसते, आणि त्यामुळेच ते शिकवण्यास फार उपयोगी आहे. 'ही इज सर्टन दॅट द ट्रेन विल बी लेट' या वाक्यात खात्री त्या माणसाची आहे आणि ती फोल ठरू शकते. 'इट इज सर्टन दॅट द ट्रेन विल बी लेट' या वाक्यात मात्र त्या विधानाची हमी बोलणारा स्वतः देतो. विशेषण तेच राहते, केवळ सर्वनाम बदलते, आणि विधानाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

तिसरा गट 'इसेन्शल', 'नेसेसरी', 'इम्पॉर्टंट' यांसारख्या विशेषणांचा आहे. 'इट इज इसेन्शल दॅट ही बी प्रेझेंट' या वाक्यात 'इज'ऐवजी 'बी' हे क्रियापदाचे मूळ रूप येते, कारण येथे वस्तुस्थिती सांगितलेली नसून अपेक्षा व्यक्त केलेली असते. हे रूप विद्यार्थ्यांना विचित्र वाटते. वास्तविक त्याच कामासाठी मराठीत विध्यर्थ आहे. 'त्याने हजर असावे, हे आवश्यक आहे' या वाक्यातील 'असावे' आणि 'तो हजर आहे, हे उघड आहे' या वाक्यातील 'आहे' यांतला भेद ज्या मुलाला बोलताना आपोआप साधतो, त्याला 'बी' आणि 'इज' यांतला भेद नव्याने शोधावा लागत नाही. तो त्याच्या भाषेत आहेच, एवढे कोणीतरी दाखवून द्यावे लागते.

पहिल्या गटातील वाक्ये मराठीत आणली की आणखी एक सुसंगत नियम दिसतो. 'आय अ‍ॅम शुअर' म्हणजे 'मला खात्री आहे', 'शी इज अफ्रेड' म्हणजे 'तिला भीती वाटते', 'वी आर ग्लॅड' म्हणजे 'आम्हाला आनंद आहे', 'दे आर अवेअर' म्हणजे 'त्यांना जाणीव आहे'. जेथे इंग्रजी विशेषण वापरते, तेथे मराठी बहुधा नाम वापरते; इंग्रजीत कर्ता असलेली व्यक्ती मराठीत 'ला' किंवा 'ना' प्रत्यय घेते, आणि क्रियापद व्यक्तीप्रमाणे न चालता त्या भावनावाचक नामाप्रमाणे चालते, म्हणूनच पुरुष असो की स्त्री, 'खात्री पटली' असेच म्हटले जाते. हा फरक एकदा तक्त्यात मांडला, तर प्रत्येक विशेषण वेगळे पाठ करण्याची गरज उरत नाही.

त्याउलट नामवाक्याच्या एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा अधिक बारकाईने वागते. नामवाक्य आधी ठेवून त्याला नंतर एका सर्वनामाने किंवा सार्वनामिक शब्दाने गोळा करण्याची मराठीची पद्धत आहे, आणि त्यासाठी 'हे' व 'असे' असे दोन शब्द आहेत. 'तो येणार हे माहीत आहे' असे म्हटले जाते, पण 'तो येणार असे वाटते' असेच म्हणावे लागते. तेथे 'हे' बसत नाही. जे विधान वस्तुस्थिती म्हणून गृहीत धरलेले असते त्याला 'हे' लागते आणि जे मत, अंदाज किंवा कोणाचे बोलणे म्हणून मांडलेले असते त्याला 'असे' लागते. वस्तुस्थिती गृहीत धरणारी आणि न धरणारी क्रियापदे यांतील हाच भेद पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी 1970मध्ये 'फॅक्ट' या निबंधात मांडला आणि तो पुढे भाषाविज्ञानात पायाभूत मानला गेला. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच 'दॅट' येत असल्याने हा भेद झाकला जातो. मराठी बोलणारे मूल मात्र तो रोज पाळते.

सर्वनामांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'मी येणार नाही असे तो म्हणाला' या वाक्यातील 'मी' म्हणजे सहसा तो बोलणारा माणूस; मराठी त्याचे शब्द आणि त्याचा काळ जसेच्या तसे ठेवते. इंग्रजीत 'मी'चा 'ही' होतो आणि 'विल'चा 'वुड' होतो. शिवाय 'टेल' या क्रियापदाला ऐकणारी व्यक्ती लागते आणि 'से' तिला थेट शेजारी घेत नाही. मराठीत 'त्याने सांगितले' आणि 'त्याने मला सांगितले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध असल्याने 'ही टोल्ड दॅट' असे लिहिले जाते. 'सजेस्टेड मी दॅट' ही चूकही 'मला सुचवले' या निर्दोष मराठी वाक्यातून येते. अशा चुकांत निष्काळजीपणा नसतो. एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत इमानदारीने पाळलेला असतो.

या अभ्यासाची सामग्री नवी नाही. विल्यम कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण 1805मध्ये निघाले, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911मध्ये. 'की', 'म्हणून' आणि 'जे' ही स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये मराठी व्याकरणाला परिचित आहेत. त्यांपैकी 'जे' हे जुन्या पत्रांतील 'विनंती ऐसी जे' या मायन्यात आढळते. इंग्रजीत बर्मिंगहॅम येथील कोबिल्ड प्रकल्पाने 1996मध्ये क्रियापदांच्या आणि 1998मध्ये नामे व विशेषणांच्या रचनांचे खंड काढले, आणि एकाच रचनेत येणारे शब्द बहुधा अर्थानेही एकमेकांचे सोयरे असतात, हे प्रत्यक्ष वापरातील मजकुरावरून दाखवले. मराठीतील नोंदी आणि ही इंग्रजी वर्गवारी शेजारी ठेवून एक तक्ता करणे, एवढेच काम उरले आहे.

कोपरीसारख्या वस्तीत त्या तक्त्याची गरज विशेष जाणवते. ठाण्याच्या पूर्वेकडील या भागात मराठी कुटुंबांसोबत फाळणीनंतर येथे वसलेली सिंधी कुटुंबेही आहेत. सिंधीत नामवाक्य 'त' या अव्ययाने, गुजरातीत 'के'ने आणि हिंदीत 'कि'ने जोडले जाते, आणि ते इंग्रजीप्रमाणे मुख्य क्रियापदानंतर येते. मराठीजवळ 'की'ची ही रचना आहेच, शिवाय कन्नडमधील 'एंदु' आणि तेलुगूतील 'अनि' यांच्याप्रमाणे वाक्य आधी ठेवून 'असे' किंवा 'म्हणून' जोडण्याची रचनाही आहे. एकाच बाकावरील दोन मुलांच्या चुका त्यामुळे वेगळ्या असू शकतात, आणि दोघांना एकच उत्तर पुरत नाही.

राज्यात इंग्रजी हा विषय 2000 साली पहिलीपासून सुरू झाला. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मराठी उच्चारूच नये, असा आग्रह अनेक शाळांत धरला जातो. कानावर इंग्रजी पडावे, हा त्यामागचा हेतू रास्त आहे, पण रचना समजावतानाही तो आग्रह चालवणे मुलांच्या हिताचे नाही, कारण मूल मनात मराठीवरून अंदाज बांधतच असते आणि शिक्षकाने न बोलल्याने तो अंदाज केवळ तपासल्याशिवाय राहतो. आठवीपासून दहावीपर्यंत मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून दर सत्रात काही तास नामवाक्याला द्यावेत, विशेषणे 'व्यक्ती' आणि 'इट' अशा दोन रकान्यांत मुलांकडूनच भरून घ्यावीत, आणि प्रत्येक ओळीसमोर 'हे' की 'असे' ते लिहून घ्यावे. यासाठी खर्च लागत नाही आणि नवे पुस्तकही लागत नाही; मराठी व्याकरण ही इंग्रजीच्या वाटेतील अडचण आहे, हा समज तेवढा सोडावा लागतो.