पोर जगली असती तर?



एक सात वर्षांची पोर जगली असती, तर दोन राज्यांमधलं वैर टळलं असतं काय? प्रश्न सातशे वर्षांपूर्वीचा, साता समुद्रांपलीकडचा. पण ज्याने कधी करारावर सही केली, त्याने विचार करावा असाच आहे.

१२८६ साली स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर वादळी रात्री घोड्यावरून निघाला आणि वाटेत मेला. मुलं आधीच वारलेली. वारस उरली एक नात, नॉर्वेच्या राजाची लेक मार्गारेट. शेजारी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड. त्याने ही सोयरीक आपल्या मुलासाठी जमवली. १२९० च्या जुलैत बर्गम गावी करार झाला. नवरा सहा वर्षांचा, नवरी सात वर्षांची!

कलमं मात्र चोख होती. स्कॉटलंड वेगळं आणि स्वतंत्र राहील, त्याचे कायदे, हक्क, रीतिरिवाज शाबूत राहतील, तिथल्या माणसाला न्यायासाठी सरहद्दीबाहेर ओढलं जाणार नाही. दोनच महिन्यांनी, नॉर्वेहून येताना, पोर ऑर्कने बेटांवर मेली. लग्न राहिलं, करारही गेला. गादीला १३ दावेदार उभे राहिले. निवाडा एडवर्डनेच केला आणि १२९२ साली जॉन बॅलिओल राजा झाला. मग तिथले दावे इंग्लंडच्या दरबारी ओढले जाऊ लागले. १२९६ साली बेरिक शहरात कत्तल झाली, राज्याभिषेकाचा दगडसुद्धा उचलून नेला.

कोणी म्हणेल, पोर जगती तर हे रक्त सांडलं नसतं. त्यात तथ्य आहे. तिचा मुलगा दोन्ही गाद्यांवर बसता. १६०३ साली दोन्ही देशांवर एक राजा आला, ते तीनशे वर्षं आधीच घडतं.

पण एडवर्डची चाल बघा. करार व्हायच्या आधी, जूनमध्येच, त्याने मॅन बेट ताब्यात घेतलं. ऑगस्टात नवरी अजून पोचलीही नव्हती, तोवर त्याने डरहॅमचा बिशप स्कॉटलंडसाठी आपला कारभारी नेमला! कागदावर स्वातंत्र्य आणि कारभार मालकाच्या माणसाकडे. हा प्रकार गिरणी कामगाराला काय नवा आहे? राणी जगती तरी ती कलमं राखायला कोण होतं? सात वर्षांची पोर?

राखणारे पुढे उभे राहिले. १२९७ साली स्टर्लिंगच्या पुलावर वॉलेस आणि मरे यांच्या पायदळाने इंग्लंडच्या घोडेस्वारांचा धुव्वा उडवला. १३१४ साली बॅनकबर्नला पुन्हा तेच झालं. १३२८ साली इंग्लंडला स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. १७०७ साली दोन्ही पार्लमेंटं एक झाली, तरी स्कॉटलंडने आपली न्यायालयं सोडली नाहीत. १९९७ साली लोकांनी कौल दिला आणि १९९९ साली एडिंबरोत त्यांचं स्वतःचं पार्लमेंट पुन्हा बसलं.

दोन राज्यं जुळायला राजाराणीचं लग्न पुरत नाही. जनतेला विचारल्याशिवाय झालेली जोडणी राजाच्या लहरीवर टिकते. चांगली कलमं जरूर लिहून घ्या, पण ती राखायला माणसं एकजुटीने उभी करा. नाहीतर बर्गमचा कागद आणि आपला कागद सारखाच!