समुद्र कुठे पळून जात नाही

शेवटच्या पेपरच्या आधीच आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदललं. 'सबमिशन पेंडिंग'चं झालं 'चलो अलिबाग'. पाच जण, एक कार आणि समृद्धी महामार्ग. प्लॅन एकदम सोपा. दुपारी पेपर द्यायचा, संध्याकाळी बॅग भरायची, रात्री दहाला शिवमडक्याहून गाडी समृद्धीवर टाकायची आणि सकाळचा चहा समुद्रावर. "आठ तासांत मुंबई आहे बे, टेन्शन काऊन घेऊन राहिला?"

पुढचे दोन दिवस ग्रुपवर सगळं ठरलं. प्लेलिस्ट ठरली, टी-शर्टचा रंग ठरला, पुढच्या सीटवर कोण बसणार यावर भांडणही झालं. मग एका मैत्रिणीने विचारलं, "गाडी कोण चालवणार? आणि तो आदल्या रात्री झोपणार कधी?"

ग्रुपवर पहिल्यांदाच शांतता. लायसन्स एकाच्याच खिशात, तेही सात महिन्यांचं. त्याचा आजवरचा सगळ्यात लांब प्रवास नागपूर ते रामटेक. आणि पेपरच्या आदल्या रात्री तो जागणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. लांबच्या ड्राइव्हचं प्लॅनिंग आपण करतो, पण चुकीच्या गोष्टींचं करतो. हॉटेल, रील, खाणं हे सगळं आयत्या वेळी जमतं. गाडी चालवणाऱ्याची झोप आयत्या वेळी जमत नाही.

आधी 'आठ तास' या आकड्याकडे बघू. नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा. कारला सपाट भागात ताशी १२०ची मर्यादा, घाटात १००ची. कागदावर हिशेब बरोबर बसतो. पण हा हिशेब गाडीचा आहे. त्यात चहा नाही, वॉशरूम नाही, पाय मोकळे करणं नाही. शिवाय आमणे म्हणजे समुद्र नव्हे. ते भिवंडीजवळ आहे. तिथून अलिबाग अजून शंभरेक किलोमीटर, आणि ते समृद्धीसारखे नाहीत. कल्याण-पनवेलचं ट्रॅफिक, मग पेण, मग वडखळ. म्हणजे सगळ्यात किचकट ड्रायव्हिंग कधी? माणूस सगळ्यात जास्त थकलेला असतो तेव्हा.

दुसरी गोष्ट रस्त्याची. जुन्या रस्त्याने जाताना गाव लागायचं, गतिरोधक लागायचा, मधेच म्हैस आडवी यायची. वैताग होता, पण डोळे उघडे राहायचे. समृद्धीवर यातलं काहीच नाही. सरळ सिमेंटचा पट्टा, एकच वेग, टायरचा एकसुरी आवाज. डोळे उघडे असतात आणि डोकं हळूहळू बंद पडतं. याला 'रोड हिप्नोसिस' म्हणतात. १२०च्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे १३० मीटरहून जास्त, फुटबॉलच्या मैदानापेक्षा लांब अंतर. तेवढं अंतर गाडी कोणीच चालवत नसतं. आणि पहाटे दोन ते पाच या वेळात झोप अंगावर येतेच, कितीही कॉफी प्या.

१ जुलै २०२३ ची रात्र आपण नागपूरकर विसरलेलो नाही. नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला सिंदखेडराजाजवळ अपघात झाला, बसने पेट घेतला आणि २५ जण गेले. नोकरी-शिक्षणासाठी निघालेली, आपल्याच वयाची मुलंही त्यात होती. अशी बातमी आली की आठवडाभर आपण रस्त्याला, सरकारला, ड्रायव्हरला बोलतो. बोलायलाच हवं. रस्त्यालगतच्या सोयी पहिल्या दिवसांत फारच तोकड्या होत्या, हेही खरंच. पण स्वतःची ट्रिप ठरवताना आपण तीच रात्रीची वेळ निवडतो, याचं काय?

दूर फ्रान्समध्ये बघा. तिकडेही उन्हाळ्याची सुट्टी लागली की अख्खा देश दक्षिणेच्या समुद्राकडे निघतो. पॅरिस ते मार्सेय हे अंतर पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूर-मुंबईसारखंच. कोणत्या दिवशी गर्दी कशी असेल हे तिथे आधीच रंगांत जाहीर होतं. हिरवा म्हणजे निवांत, काळा म्हणजे घरीच बसा. दर दोन तासांनी थांबा, असं लोकांना सतत सांगितलं जातं. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे मोटरवेवर इतरांना १३०ची मर्यादा असताना नव्या लायसन्सवाल्याला ११०चीच असते. गाडीच्या मागे तसा स्टिकरही लावावा लागतो. त्यात कोणाची इज्जत जात नाही. आपल्याकडे मात्र १००ने चालवणाऱ्याला मागच्या सीटवरून "बैलगाडी आहे का बे?" ऐकावं लागतं. खरं तर हा कायदा आपण ग्रुपपुरता आजच लागू करू शकतो.

मग आम्ही काय केलं? पेपरची रात्र सगळे झोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. मेहकरजवळ उतरून लोणारचं सरोवर बघितलं. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी उरलेलं अंतर, दिवसाउजेडी. दर दोन तासांनी अलार्म वाजला की थांबायचं, मग गाणं कितीही भारी सुरू असो.

"दोन दिवस लावायचे तर समृद्धीचा फायदा काय?" हा प्रश्न आमच्यातही आला होता. फायदा हाच, की दिवसाउजेडी साडेचारशे किलोमीटर जाऊनही संध्याकाळी अंगात जीव उरतो. खर्चाचं म्हणाल तर एका मुक्कामाचे पैसे पाच जणांत वाटले की टी-शर्टपेक्षा स्वस्त पडले.

आणि ज्यांना रात्रीच निघायचंय, त्यांच्यासाठी विदर्भ एक्सप्रेस आहेच. गाडीत पत्ते खेळा, झोपा, सकाळी मुंबईत उतरा. बाईकचा विचार तर सोडूनच द्या, समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही.

दोन गोष्टी गाडीच्याही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३१२१ म्हणजे २०२१ सालच्या ३१व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तो टायर घेऊन निघूच नका. हवा टायर थंड असताना, म्हणजे निघायच्या आधी तपासा. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या सिमेंटवर झिजलेल्या टायरचं काय होतं, ते बघायची हौस नको. आणि गाडी भाड्याने घेत असाल तर नंबर प्लेट बघा. सेल्फ-ड्राइव्हच्या अधिकृत गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि काही झालं, तर विम्याचे पैसे मिळतीलच याची खात्री नाही.

समुद्रावर आम्ही ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा पोहोचलो. पाचही जण जागे होतो, ड्रायव्हरसुद्धा. त्याने स्वतःचे फोटो काढून घेतले, पाण्यात शिरला, रात्री पत्त्यांत आम्हाला हरवलं. जुन्या प्लॅनप्रमाणे गेलो असतो तर तो दिवसभर खोलीत घोरत पडला असता. तेही सगळं नीट झालं असतं तर.

तुमच्याही ग्रुपवर सध्या असंच काहीतरी शिजत असेल. प्लेलिस्ट नंतर बनवा. आधी एक मेसेज टाका: गाडी कोण चालवणार, आणि आदल्या रात्री तो किती तास झोपणार?