प्रेरणा नको, तिथी सांगा

मागच्या महिन्यात आमच्या खात्यात एक कार्यशाळा झाली. विषय होता, ताणतणावाच्या काळात सर्जनशील कसे राहावे. वक्ते बाहेरून आणले होते. पडद्यावर त्यांनी पहिलंच चित्र दाखवलं ते समुद्रावरच्या सूर्योदयाचं. आमच्या समुद्रावर सूर्य मावळतो, पण ते जाऊ दे. मग दीड तास त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा : आधी मन शांत करा, चिंता दाराबाहेर ठेवा, आतली प्रेरणा जागी करा, मग कला आपोआप झरू लागते. टाळ्या झाल्या, चहा झाला, बटाटवडे झाले. मी टेबलावर परतलो तर विधानसभेचे तीन प्रश्न वाट बघत बसले होते. उत्तरं चारच्या आत वर जायला हवी होती.

मंडळी, मी कारकून आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेला, वीस वर्षं इनवर्ड-आउटवर्ड आणि नोटिंग करणारा, उरलेल्या वेळात चार ओळी खरडणारा. म्हणून या विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजतो. आणि माझं म्हणणं असं आहे की ही ‘आधी मन शांत करा’ची शिकवण साफ चुकीची आहे. मन शांत व्हायची वाट बघायची तर आमच्यासारख्याने पेन्शन लागल्यावरच पेन हातात धरावं. आणि तोवर गुडघे दुखायला लागलेले असतात, मुलाच्या नोकरीचा घोर सुरू झालेला असतो. शांतता तेव्हाही नसतेच.

शांतता आणि मोकळा वेळ मिळाला की लिहून होतं, हे खरं असतं तर २०२० साली गोव्यात कादंबऱ्यांचा पूर यायला हवा होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आम्हाला आळीपाळीने ड्युटी, बाकीचे दिवस घरी. रस्त्यावर गाडी नाही, लग्न नाही, बारसं नाही. माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी ‘आता मोठं काम हाती घेतो’ म्हणून जाहीर करून टाकलं. मीही मनात एक कादंबरी धरली होती. पुढे काय झालं ते विचारू नका. भीती होती, हे मान्य. पण भीतीइतकंच आणखी एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं. त्या दिवसांत आमच्या लिहिण्याची कुणी वाट बघत नव्हतं. जत्रेतलं नाटक नाही, स्पर्धा नाही, संमेलन नाही. ‘अमुक दिवशी दे’ म्हणणारा माणूसच नाहीसा झाला होता.

आता दुसरी शिकवण. ही आमच्या साहित्यिक व्यासपीठांवरून मिळते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि तुम्हाला हापिसातली कटकट आड येते? असं विचारलं की सभागृहातली तरुण मुलं माना खाली घालतात आणि वक्त्याला वाटतं, चला, काम झालं. त्या थोरांना माझा दंडवत. पण दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. तुरुंग माणसाचं सगळं हिरावून घेतो, आणि त्याबरोबर त्याच्या दिवसाचे तुकडे करणारी माणसंही हिरावतो. आमचं दुःख त्यांच्याएवढं मोठं नाही, पण ते बारीक चिरलेलं असतं. पाच मिनिटं गॅसच्या सिलिंडरला, दहा मिनिटं बँकेला, अर्धा तास कदंब बसच्या रांगेत. आणि लाज वाटायला लावून कुणी लिहिता होत नाही. तो फक्त पुढच्या सभेला येत नाही.

तिसरी शिकवण तर सगळ्यांत गोड. म्हणे दुःखातूनच कला जन्मते. २०२२ साली माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. त्या दुःखातून माझ्याकडे कविता आली नाही. आला तो डायपरांचा हिशेब, फिजिओथेरपीच्या वेळा आणि रात्री दोनदा उठून त्यांना कूस बदलून देणं. चौदा महिने मी एक ओळ लिहिली नाही. लिहावंसंच वाटत नव्हतं. दुःख ही खाण आहे असं जे सांगतात, त्यांनी त्या खाणीत एक पाळी करून बघावी.

मग लिहिणं परत आलं कसं? प्रेरणेने नाही. आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी नाटक होतं. आमचे तालीम मास्तर निवृत्त शिक्षक आहेत. ते एका संध्याकाळी घरी आले, वडिलांजवळ बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि उठताना मला म्हणाले, “तालमीक कित्याक येना रे तूं?” मी कारणं सांगितली. सगळी खरी होती. ते म्हणाले, “पार्ट घेवं नाका. प्रॉम्प्टिंग कर. नवापासून धा मेरेन.” एक तास. तेवढा वेळ वडिलांजवळ बसायला शेजारचा भाऊ तयार झाला.

नाटक आमच्याच गावातल्या एका हौशी लेखकाचं. जत्रेला आठ दिवस राहिले आणि त्यातल्या मोठ्या भावाचं काम करणाऱ्या पोराला जहाजावर रुजू व्हायचा निरोप आला. घर त्या पगारावर चालतं, तो जाणारच. बदली माणूस मिळेना. लेखक दमलेले, म्हणाले, तूच बघ. तो भाऊ दुसऱ्या अंकातून काढायचा आणि तरी गोष्ट उभी राहायला हवी. मी दोन रात्री वडिलांच्या खाटेशेजारी बसून पाठकोऱ्या कागदांवर तो प्रवेश नव्याने लिहिला. भावाऐवजी भावाचं पत्र येतं, असं केलं. मन शांत होतं का? छे! वडिलांना त्या रात्री ताप होता. पण शुक्रवारी पडदा उघडणार होता आणि पंचांग कुणाची रजा मंजूर व्हायची वाट बघत नाही.

तेव्हापासून मला आमच्या गोव्याकडे वेगळ्या नजरेने बघायची सवय लागली. आमची उत्सवी रंगभूमी कुणाच्या मनःशांतीवर उभी आहे? सभामंडपात तालमीला येतो तो बसचा कंडक्टर असतो, पोस्टातला माणूस असतो, दिवसभर पाचवीच्या वर्गात ओरडून घसा बसलेली बाई असते. प्रत्येकाच्या घरी काहीतरी पेटलेलं असतं. तरी नाटक होतं, कारण देवाची तिथी ठरलेली आहे.

वास्कोचा सप्ताह बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे साथ पसरली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या श्री दामोदराला साकडं घातलं, तिथून श्रीफळ आणलं आणि अखंड भजन केलं, अशी त्याची कथा सांगतात. माणसं मरत असताना सुरू झालेलं हे गाणं आहे, आणि ते आजही श्रावणात चोवीस तास चालतं. एकही गवई चोवीस तास भारावलेला नसतो. एक मेळ थकला की दुसरा टाळ हातात घेतो. गाणं टिकतं ते पाळ्या लावलेल्या असतात म्हणून.

किंवा धालो घ्या. पौषातल्या रात्री मांडावर जमणाऱ्या आमच्या आया-आज्या दिवसभर शेतात राबलेल्या असत. कुणाचा नवरा दारूत बुडालेला, कुणाचं मूल आजारी. त्यांना ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगायला कुणी वक्ता आला नव्हता. मांड ठरलेला होता, रात्री ठरलेल्या होत्या, आणि शेजारीण हाक मारत होती. तिकडे खानदेशात बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, तिशीत वैधव्य आलं. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात कामासोबत जुळत गेली, मुलाने आणि नातेवाइकांनी ती उतरून घेतली, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकात आली. पीठ तर रोज हवंच होतं. गाणं त्या कामाच्या पाठीवर बसून आलं.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं समूहाचं झालं. खरा लेखक एकटा असतो, त्याला तिथी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. पण मराठीने त्याचीही सोय केलेली आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षाकाठी एक तरी तिथी मिळत आली. पावसाळ्यात संपादकाचं पत्र यायचं आणि माणूस कुरकुरत बसायचा लिहायला. आपल्या बाकीबाबांनीही आधी शाळेत आणि मग आकाशवाणीत नोकरीच केली. ज्याला संपादक विचारत नाही त्याने तिथी मागून घ्यावी. एका मित्राला सांगावं, महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तुला वाचून दाखवणार. मित्र असा निवडावा की जो खरंच येऊन बसेल.

आणि खरोखरच जमलं नाही तर? नाही जमत कधी कधी. वडिलांच्या आजारपणातले पहिले सहा महिने मला मास्तरांनी बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो, आणि ते योग्यच झालं असतं. अशा वेळी आपला टाळ दुसऱ्याने उचलायचा असतो. गुन्हेगार ठरवायचं नसतं. जहाजावर गेलेल्या त्या पोराला आमच्या गावात कुणी नावं ठेवली नाहीत. त्याची जागा लिहून भरली, इतकंच.

माझा राग खरं तर त्या कार्यशाळेवर नाही. तो आपल्यावर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला काय मिळालं आणि काय नाही, यावर आपण अजून रात्र रात्र भांडू शकतो. भांडावंही. पण गावातला एखादा पोरगा गोष्टी लिहितो हे कळलं की आपण काय करतो? पाठ थोपटतो, ‘लिहीत राहा’ म्हणतो आणि निघून जातो. ‘लिहीत राहा’ म्हणणं फुकटचं असतं. ‘पंधरा तारखेला वाचनालयात वाचून दाखव, मी चार माणसं घेऊन येतो’ म्हणायला आपली एक संध्याकाळ द्यावी लागते. कॉल सेंटरच्या रात्रपाळीत आणि स्पर्धा परीक्षांच्या धास्तीत अडकलेल्या त्या पोराला आपला उपदेश नको आहे. त्याला तारीख हवी आहे, आणि त्या तारखेला खुर्चीवर बसलेलं माणूस.

असो. हा लेखसुद्धा मास्तरांनी मागितला म्हणून लिहून झाला. जत्रेच्या स्मरणिकेसाठी त्यांनी मजकूर मागितला होता, मुदत काल संपली. वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. मी लिहीत बसलो की हाक मारतात, मी उठतो, परत येतो, वाक्य कुठे सोडलं होतं ते शोधतो. आज रात्री नवाला तालीम आहे.