आमच्या नावाने बोलणारे फार, आम्हाला विचारणारा कोण?



२०१५ च्या डिसेंबरात फेसबुकचा मालक मार्क झुकरबर्ग याने एका इंग्रजी पेपरात लेख लिहिला. त्या लेखात एक शेतकरी होता, आपल्या महाराष्ट्रातला. तो म्हणे फेसबुकच्या फुकट इंटरनेटवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो आणि नवी पिके, नवी जनावरे घेतो. या शेतकऱ्याने पीक नीट सांभाळले तर इंटरनेटचे काय बिघडते, असा झुकरबर्गचा सवाल होता. समोरून शहरातली शिकलेली पोरे ओरडत होती की गरिबाला अर्धे इंटरनेट देणे हा गरिबाचा अपमान आहे. दोघांच्याही तोंडी शेतकरी. आणि आम्ही? आम्ही त्या दुष्काळी सालात पऱ्हाटीवर उरलीसुरली बोंडे वेचत होतो. आम्हाला कोणी विचारलेच नाही.

फुकट म्हणजे काय होते ते आधी समजून घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका मोबाइल कंपनीला हाताशी धरून ही योजना महाराष्ट्रासह काही राज्यांत आली. पैसे न भरता इंटरनेट मिळणार, पण सगळे नाही. फेसबुकने आत घेतलेल्या मोजक्या जागा तेवढ्या फुकट, बाकीच्या जगासाठी पैसे मोजा. कापूसवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९७२ पासून तीसेक वर्षे एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे. फाटक एक, काटा एक, ग्रेड ठरवणारा एक, आणि शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले तरी गाडी तिकडे न्यायची नाही! ते खरेदीतले फाटक होते, हे माहितीतले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यावर लोकांची मते मागवली. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली, त्यातली बहुतेक फेसबुकने आपल्या ग्राहकांकडून एक बटण दाबवून पाठवलेली. ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही धड उत्तर त्यांत नव्हते. ट्रायने कंपनीला तसे सुनावले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांना बंदी घातली. निकाल बरोबर लागला, आम्ही तो मानतो. पण बरोबर निकाल लागला म्हणून आम्हाला न विचारणे बरोबर ठरत नाही. कृषिमूल्य आयोगही कधीमधी बरा भाव सुचवतो, म्हणून काय तो आपला झाला?

कोणी म्हणेल, कोरडवाहू माणसाला या भानगडी कशाला? असे म्हणणाऱ्याने एक हंगाम आमच्या बांधावर काढावा. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर आली. शेतात उभे राहून फोटो काढायचा. २०२३ च्या खरिपात गारपिटीने, पुराने नुकसान झाले तर ७२ तासांत कळवा, नाहीतर विमा विसरा, असा कायदा होता. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. लांब धाग्याचा भाव कागदावर ८,११० रुपये क्विंटल, पण तो घ्यायचा रस्ता मोबाइलमधून! आमच्यातला एक जण नांदगावच्या बाजूला टेकडीवर चढून हात वर करून उभा राहतो, तेव्हा कुठे त्याचा फोटो जातो. सुरगाणा-पेठच्या डोंगरातल्या भावांनी ही गोष्ट ऐकून हसावे, त्यांची टेकडी याहून उंच आहे. रेंज नसेल तर तुमच्या सातबाऱ्यावर कपाशी नाही, मग शेतात ती कमरेएवढी असली तरी.

आता दाम बघा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, हे खरे. तो कोणा सरकारच्या दयेने नाही, कंपन्यांत मारामारी लागली म्हणून झाला. मारामारीत बऱ्याच कंपन्या मेल्या, उरल्या तीन खासगी आणि एक सरकारी. मग २०१९, २०२१ आणि २०२४ ला दर वाढले. त्यात महिना २८ दिवसांचा. आपल्या पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, कंपन्यांच्या पंचांगात तो दरसाल येतो: वर्षाला तेरा रिचार्ज! लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांची आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारी योजना ठेवायला लावली. तक्रार केली तर हलते, हे लक्षात ठेवा.

शिवाय गावात फोन आणि इंटरनेट पोचावे म्हणून एक निधी आहे. कंपन्यांच्या कमाईतून शेकडा ५ त्यात २००२ पासून जमा होतात. कमाई कोणाची? तुमच्या-आमच्या रिचार्जची. वर्षानुवर्षे त्यातला मोठा भाग खर्चच झाला नाही. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव मात्र डिजिटल भारत निधी असे बदलले. अडीच लाख ग्रामपंचायतींना दोन वर्षांत तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कामासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी पुन्हा मंजूर झाले. योजनेचे नाव भारतनेट. नावात भारत, तार बहुतेक वेळा इंडियाच्या वेशीपर्यंतच! किती पंचायतींत ती पेटी भिंतीवर धूळ खात लटकली आहे, हे आम्ही दिल्लीला सांगू शकतो. दिल्लीने विचारले पाहिजे.

जगाच्या पातळीवरही हेच. इंटरनेटवरचे पत्ते कसे द्यायचे हे आयकॅन नावाची संस्था बघते, १९९८ साली कॅलिफोर्नियात निघालेली. कोणत्या लिपीतले कोणते अक्षर पत्त्यात चालेल हेही तिच्याच पंगतीत ठरते. हसू नका. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला ऱ हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. पंगतीत मराठी जाणणारा नसेल तर आमचे नावच चुकीचे लिहिले जाईल. आपल्याकडच्या नऊ लिपींसाठी भाषातज्ज्ञांचा एक गट बसला होता, त्याने हे बारीक काम केले. माणूस बसला म्हणून झाले. संयुक्त राष्ट्रांची इंटरनेटच्या कारभारावरची परिषद २००८ च्या डिसेंबरात हैदराबादला भरली, आयकॅनची बैठक २०१६ च्या नोव्हेंबरात तिथेच झाली. हैदराबाद काही चंद्रावर नाही. नांदेडहून रात्री गाडीत बसले की सकाळी पोचतो. दार उघडे, प्रवेशाला पैसे नाहीत. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडाभर इंग्रजी ऐकत कोण बसणार? दार उघडे ठेवले की बोलावणे झाले, असे आपल्या गावात तरी कोणी मानत नाही.

ट्रायचेही तेच. २०१५ चा मसुदा ११८ पानांचा, इंग्रजीत. पर्यावरणाच्या एका मसुद्याचे भाषांतर राज्यघटनेतल्या २२ भाषांत करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला होता. मग रिचार्जच्या मसुद्यालाच मराठीचे वावडे का? मसुदा मराठीत द्या, मत द्यायला सुगी सोडून मुदत द्या, आणि एक खुली चर्चा मालेगावात घ्या. खुर्च्या आम्ही लावू.

फुकट काही नको. डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीलाही परवान्याशिवाय वायफाय विकता येते, आणि अशा दुकानदाराला जोडणी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देऊ नये, असे जून २०२५ मध्ये ट्रायने ठरवले आहे. दूध संस्थेने, किराणा दुकानदाराने हा धंदा करावा; पंचायतीपर्यंतची तार तेवढी जिवंत हवी. आणि जिथे ती जिवंत नाही तिथे पीकपाहणी, विमा आणि कापसाची नोंदणी कागदावर घेतलीच पाहिजे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात: पंचायतीतली पेटी चालू की बंद, बंद असेल तर कधीपासून, शिवारात कोणत्या कंपनीची रेंज कुठपर्यंत, आणि गेल्या हंगामात रेंजपायी किती जणांची नोंद राहिली. खाली सरपंचाचा सही-शिक्का घ्यावा. सगळे कागद एकत्र बांधून ट्रायला मराठीतच पाठवायचे आहेत. उत्तर कोणत्या भाषेत येते ते बघू.