प्रवेश सुलभ, हिशेब कठीण

अंधेरीच्या जे. बी. नगरातील व्हिव्हियन फर्नांडिस ऊर्फ 'डिव्हाइन' स्वतः रचलेली रॅपगीते गाऊ लागला, तेव्हा चित्रपटसृष्टीचा आधार त्याला नव्हता. 'ये मेरा बॉम्बे' (२०१३) आणि कुर्ल्याच्या नेझीसमवेत गायिलेले 'मेरे गली में' (२०१५) ही गाणी यूट्यूबवरून घरोघर पोचली. या दोघांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेला 'गली बॉय' २०१९ मध्ये पडद्यावर आला. त्याच वर्षी डिव्हाइनने 'गली गँग' ही स्वतःची संगीतसंस्था काढली.

या अखेरच्या पावलाचे महत्त्व अर्थशास्त्रीय आहे. आंतरजालामुळे बाजारात शिरण्याचा खर्च घटला. पण त्यामुळेच स्पर्धकही वाढले, आणि एकट्या कलावंताची सौदाशक्ती दुबळीच राहिली. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनात समान वाटा दिला. तो आपल्या कंपनीच्या नावे सोडून देण्याची मुभाही ठेवली नाही. परंतु करारावर सही करणाऱ्या विशीतल्या मुलाला हे ठाऊक नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. टाळ्या गल्लीत आणि मिळकत अन्यत्र, असे व्हायचे नसेल, तर उपनगरांतल्या नव्या गायकांनी तालाबरोबर हिशेबही शिकला पाहिजे.